चोवीसच्या रात्रीआधीचे चार रविवार: नागपुरात पहिल्यांदा चर्चला येणाऱ्यांसाठी

डिसेंबरचा दुसरा आठवडा उलटला की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. "चोवीसला रात्री आम्हालाही यायचं आहे. येता येते ना?" येता येते. त्या रात्री चर्चचं दार कोणालाच बंद नसतं. पण माझं उत्तर दरवेळी थोडं लांबतं, कारण नाताळ काय असतो हे पाहायला चोवीसची रात्र सगळ्यांत गैरसोयीची आहे असं माझं स्पष्ट मत आहे. बसायला जागा नसते, मागून वेदी दिसत नाही, आणि शेजारच्याला काही विचारावं तर तोही तुमच्यासारखाच पाहुणा निघतो. नाताळ समजून घ्यायचा असेल तर चार रविवार आधी या. या चार आठवड्यांना आगमनकाळ म्हणतात; तरुण मंडळी सरळ ॲडव्हेंट म्हणतात.

हा लेख ज्यांच्यासाठी लिहिला आहे ते लोक साधारण असे: शिकायला किंवा बदलीवर नागपुरात आलेले ख्रिस्ती, ज्यांना इथलं कुठलं चर्च आपलं ते अजून ठरवायचं आहे. ख्रिस्ती घरात नव्याने आलेली सून किंवा जावई. आणि ऑफिसातल्या, कॉलेजातल्या मित्रामुळे कुतूहल जागं झालेले बाकीचे सगळे.

आधी तारीख काढा

नाताळ २५ डिसेंबरला पक्का. आगमनकाळाची सुरुवात मात्र दरवर्षी सरकते. नियम सोपा आहे: ३० नोव्हेंबरला सगळ्यांत जवळचा जो रविवार, तो पहिला. म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यामध्ये कधीतरी. २०२६ मध्ये तो २९ नोव्हेंबरला येतो, २०२७ मध्ये २८ नोव्हेंबरला. २०२८ मध्ये थेट ३ डिसेंबरला, आणि त्या वर्षी चौथा रविवार नेमका २४ डिसेंबरलाच पडतो. सकाळी आगमनकाळाची शेवटची उपासना आणि त्याच रात्री नाताळ. अशा वर्षी सजावट करणाऱ्यांची जी धांदल उडते ती पाहण्यासारखी असते.

चर्चचं वर्ष १ जानेवारीला नाही, या रविवारी सुरू होतं. उपदेश जिथून देतात त्या पुलपिटावरचं, वेदीवरचं कापड त्या दिवशी जांभळं होतं. नागपूरकरांसाठी या रविवारला आणखी एक संदर्भ आहे. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजे ज्याला सगळे सीएनआय म्हणतात, ते स्थापन झालं २९ नोव्हेंबर १९७० रोजी, याच नागपुरात. सहा वेगवेगळ्या परंपरांच्या मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती समुदाय, त्या दिवशी एक झाल्या. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

एक स्थानिक अडचण आत्ताच सांगून ठेवते. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं तेव्हा सिव्हिल लाइन्स आणि सदरच्या बाजूचे रस्ते कधी मोर्च्यांसाठी, कधी बंदोबस्तासाठी अडवलेले असतात. रविवारी सहसा त्रास होत नाही, पण आठवड्यातल्या संध्याकाळी कॅरलच्या, म्हणजे नाताळच्या गाण्यांच्या, सरावाला जाणार असाल तर अर्धा तास हाताशी ठेवा.

कोणत्या चर्चला जायचं

नागपुरात जुनी चर्चेस मुख्यतः सदर आणि त्याच्या आसपास आहेत. ऑल सेंट्स कॅथेड्रल सीएनआयचं, सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल कॅथलिकांचं. याशिवाय मेथडिस्ट आहेत, मलयाळी कुटुंबांची चर्चेस आहेत, आणि वस्त्यावस्त्यांमधून भरणाऱ्या स्वतंत्र मंडळ्या आहेत. आगमनकाळ सगळीकडे सारखा पाळला जात नाही, आणि हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही. तो एका ठिकाणी चार मेणबत्त्यांचं चक्र पाहतो, दुसऱ्या ठिकाणी काहीच दिसत नाही, आणि गोंधळतो.

कारण इतिहासात आहे. १८४५ मध्ये नागपुरात आलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ पासून इथे आहे, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे होते. त्या काळच्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळीत नाताळ साजरा करण्याची पद्धत जवळपास नव्हतीच. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली. अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या) आणि कॅथलिक मंडळींकडे मात्र जांभळं कापड, ठरलेली वाचनं, मेणबत्त्या हे सगळं परंपरेने आलं. आता बरंच काही एकमेकांत मिसळलं आहे, तरी प्रत्येक मंडळीचा जुना स्वभाव डिसेंबरात दिसतोच. स्वतंत्र मंडळ्यांमध्ये आगमनकाळ बहुधा नसतो. तिथे थेट नाताळचा महिना असतो.

चर्च निवडताना भाषा आधी विचारा. एकाच चर्चमध्ये इंग्रजी, हिंदी आणि मराठी उपासना वेगवेगळ्या वेळांना असतात. फलकावर वेळा लिहिलेल्या असतात, नाहीतर चर्चच्या ऑफिसात फोन करायचा. जुन्या माहितीवर किंवा नकाशाच्या ॲपवरच्या वेळेवर विसंबू नका; डिसेंबरात वेळा बदलतात. माझा सल्ला मराठी उपासनेचा, आणि तो निव्वळ भाषाभिमानापोटी नाही. मराठी ख्रिस्ती गाण्यांची एक वेगळीच जात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंगाच्या, भजनाच्या वळणाने जी गीतं रचली, ती आजही उपासना संगीताच्या पुस्तकातून गायली जातात. पेटी आणि ढोलकीवर येशूजन्माचं भजन ऐकल्यावर नाताळ हा साहेबाचा सण आहे ही समजूत आपोआप गळून पडते.

पहिल्या रविवारी

उपासनेच्या पंधरा मिनिटं आधी पोहोचा. दाराशी जे स्वयंसेवक उभे असतात त्यांना सरळ सांगा, "मी पहिल्यांदाच आलोय." ते तुमच्या हातात गाण्याचं पुस्तक देतील आणि बहुतेक वेळा कुणा काकूंच्या शेजारी बसवतील. त्या काकूंना सोडू नका. कधी उठायचं, कधी बसायचं, कोणत्या पानावर आहोत, हे त्या न विचारता सांगतात.

चपला बाहेर काढायच्या की नाही हे दाराशी पाहा. शहरातल्या मोठ्या चर्चेसमध्ये बहुधा घालूनच जातात, काही मराठी मंडळ्यांमध्ये बाहेर काढतात. मराठी उपासनेत पुष्कळ बायका प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. पाहुण्यांवर तशी सक्ती नसते. शुभ्र साडी किंवा सूट लागत नाही. मोबाइल बंद करा. व्हिडिओ काढायचा मोह गाण्याच्या वेळी फार होतो, आवरा.

प्रार्थनेला गुडघे टेकतात किंवा डोकं खाली घालून बसतात. शुभवर्तमानाचं, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या चरित्राचं, वाचन सुरू झालं की अँग्लिकन वळणाच्या आणि कॅथलिक चर्चमध्ये सगळे उभे राहतात. मध्ये अर्पणाची थैली फिरते. द्यायचं असेल तर दुमडून आत टाका, नसेल तर थैली पुढे सरकवा. कोणी पाहत नाही.

प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या आठवणीत घेतल्या जाणाऱ्या भाकरी आणि द्राक्षरसाबद्दल, मात्र स्पष्ट असावं. कॅथलिक मिस्सामध्ये, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेत, ख्रिस्तप्रसाद फक्त कॅथलिकांनी घ्यायचा असतो, आणि सीएनआयमध्ये बाप्तिस्मा झालेल्या, मंडळीत घेतलेल्या सभासदांनी. तुम्ही पाहुणे असाल तर जागेवर बसून राहा. रांग पुढे सरकते, शेजारचे उठतात, आणि आपणही उठावं असं वाटतं. उठू नका, आणि प्रसाद नाकारला म्हणून कोणाचा अपमान होईल ही भीतीही ठेवू नका. पुष्कळ ठिकाणी हात छातीवर दुमडून पुढे गेल्यास पाळक किंवा फादर नुसता आशीर्वाद देतात. तशी पद्धत आहे का ते आधी विचारून घ्या.

पहिल्या रविवारची वाचनं ऐकून नवे लोक जरा चक्रावतात. बाळ येशू, मेंढपाळ, तारा यांतलं काहीच येत नाही. उलट जागे राहा, तयार राहा, धनी कधी येईल ठाऊक नाही, असा सूर असतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान येतो, तोही चांगलाच खडसावतो. मरीया आणि योसेफ यांची गोष्ट साधारण चौथ्या रविवारी सुरू होते. कॅथलिक मिस्सामध्ये तर या चार आठवड्यांच्या रविवारी गौरवगीत गातच नाहीत. ते राखून ठेवलेलं असतं चोवीसच्या रात्रीसाठी, आणि तेव्हा ते घंटा वाजवत गातात. जो चार रविवार त्याच्याविना बसला आहे त्यालाच त्या घंटांचं काय वाटतं ते कळतं. चोवीसला पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला ते नुसतं एक आणखी गाणं वाटतं.

घरून थोडं वाचून यायचं असेल तर बायबलमधल्या यशयाचा नववा आणि चाळिसावा अध्याय, मीखाचा पाचवा, मग लूकचे पहिले दोन आणि मत्तयचे पहिले दोन अध्याय. सगळं मिळून तासाभराचंही वाचन नाही.

मेणबत्त्यांचं चक्र घरी करायचं असेल तर

चक्राचा इतिहास फार जुना नाही. १८३९ मध्ये हाम्बुर्ग शहरात योहान हिन्रिख विखर्न नावाचे एक पाळक अनाथ मुलांसाठी आश्रमशाळा चालवत. नाताळ कधी येणार म्हणून पोरं रोज विचारायची. त्यांनी गाडीचं एक जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या आणि बाकी दिवसांसाठी छोट्या लाल मेणबत्त्या लावल्या, आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली. पुढे छोट्या मेणबत्त्या गेल्या, चार उरल्या.

आज बहुतेक ठिकाणी तीन जांभळ्या, एक गुलाबी आणि मध्ये एक पांढरी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण तो आनंदाचा रविवार. चारींना आशा, शांती, आनंद, प्रीती अशी नावं देतात. क्रम प्रत्येक मंडळीत हाच असेल असं नाही. मधली पांढरी ख्रिस्ताची, ती नाताळलाच पेटते.

नागपुरात देवदाराच्या फांद्या शोधत फिरू नका. बागेतली मोरपंखी किंवा सुरूच्या डहाळ्या छान दिसतात आणि आठवडाभर टिकतात. स्टीलच्या परातीत वाळू भरा, मेणबत्त्या त्यात रोवा, कडेने डहाळ्या लावा. जांभळ्या मेणबत्त्या ऐनवेळी मिळत नाहीत; साध्या पांढऱ्यांना जांभळी रिबीन बांधली तरी चालते, फक्त रिबीन तळाशी बांधा, वर नाही. डहाळ्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत वाळून कडकडीत होतात. तेव्हा त्या बदलायच्या, आणि पेटती मेणबत्ती सोडून खोलीबाहेर जायचं नाही.

रविवारी संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांनी बसायचं, घरातल्या सगळ्यांत लहानाने मेणबत्ती लावायची, कोणीतरी वाचायचं, एक गाणं म्हणायचं. दहा मिनिटांत संपतं. लहान मुलांच्या घरात याच्याइतका नाताळ समजावण्याचा चांगला मार्ग माझ्या पाहण्यात नाही.

कॅरलच्या मंडळीत सामील व्हा

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून चर्चचे तरुण रात्री घरोघरी कॅरल गायला निघतात. भागवार तारखा ठरतात आणि रविवारी उपासनेनंतर जाहीर होतात. तुमच्या घरी यावेत असं वाटत असेल तर यादीत नाव द्या, पत्ता नीट सांगा. सोबत जायचं असेल तर सूर लागतो की नाही याची चिंता करू नका, टाळ्या वाजवणारेही लागतात. गिटार, ढोलकी, खंजिरी आणि लाल कपड्यांतला एक सांताक्लॉज, जो बहुतेक वेळा संडे स्कूलचा सगळ्यांत दणकट मास्तर असतो.

नागपूरची डिसेंबरातली थंडी नव्या माणसाला फसवते. दिवसा ऊन, आणि रात्री दुचाकीवर हात बधिर. पारा दहाच्या खाली उतरणं इथे नवलाचं नाही. स्वेटर, कानटोपी, हातमोजे घ्या. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर कायद्याने बंद, त्यामुळे उशिराच्या घरांमध्ये नुसत्या गळ्यावर गातात, आणि खरं तर तेच जास्त चांगलं लागतं.

कॅरल तुमच्या घरी येणार असेल तर खोलीतलं टेबल भिंतीला सरकवा, दारातल्या चपलांना जागा करा, शेजाऱ्यांना सकाळीच सांगून ठेवा. दोन-तीन गाणी, एक छोटी प्रार्थना, मग चहा. त्यांना त्या रात्री अजून सात-आठ घरं करायची असतात, म्हणून पोटभर जेवायला घालण्याचा आग्रह नको. चहा आणि हातात धरून खाता येईल असं काही पुरे. पाकिटातून दिलेली देणगी मंडळीच्या कामाला जाते.

चांदणी, गोठा आणि केक

बर्डीच्या, म्हणजे सीताबर्डीच्या, बाजारात नोव्हेंबर संपता संपता कागदी चांदण्या लटकायला लागतात. दारात चांदणी लागली की घर ख्रिस्ती आहे हे गल्लीला कळतं. दिवाळीचा आकाशकंदील उतरवताना त्याची वायर तशीच ठेवणारी पुष्कळ घरं आहेत. तीच पुढे चांदणीला कामी येते. आत कमी वॅटचा एलईडी दिवाच लावा. जुना पिवळा बल्ब कागद करपवतो.

गोठा म्हणजे येशूजन्माचा देखावा. ही प्रथा असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी रुजवली असं मानतात. त्याने खरा बैल आणि खरं गाढव आणलं होतं. आपल्याकडे मूर्तींचा संच विकत मिळतो, पण गोठा स्वतः बांधण्यात मजा आहे. बांबूच्या कामट्या किंवा जुना खोका घ्या, वर भाताचं तणस पसरा. शहरात तणस कुठून आणायचं, तर फळवाल्यांकडे पेट्यांतून निघतं, मागितलं तर देतात. हिरवळीसाठी गहू रात्रभर भिजवा आणि उथळ ताटलीत मातीवर दाट पेरा. नवरात्रात घट बसवणाऱ्यांना हे सांगायला नको. थंडीत उगवायला वेळ लागतो म्हणून साधारण १२-१३ डिसेंबरला पेरलेलं बरं.

गोठ्याचे दोन नियम आहेत आणि दुकानातल्या सजावटीत दोन्ही मोडलेले दिसतात. पहिला, गव्हाणी चोवीसच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची. बाळ तेव्हाच ठेवायचं, तेही घरातल्या लहानाच्या हातून. दुसरा, पूर्वेकडून आलेले मागी, म्हणजे ज्ञानी लोक, पहिल्या दिवशी गोठ्यात नसतात. त्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकीत नाहीतर टीव्हीशेजारी ठेवायचं आणि रोज थोडं पुढे सरकवायचं. ते पोहोचतात ६ जानेवारीला. मुलांना हा सरकवण्याचा खेळ फार आवडतो. मागी तीनच होते असं मत्तयने कुठेही लिहिलेलं नाही, भेटवस्तू तीन होत्या एवढंच. तसंच बैल आणि गाढव लूकच्या गोष्टीत नाहीत. यशयाच्या पहिल्या अध्यायात बैल आपल्या धन्याला आणि गाढव धन्याच्या गव्हाणीला ओळखतं असं वचन आहे, तिथून ते गोठ्यात येऊन बसले.

आता फराळ. मराठी ख्रिस्ती घरात नाताळचं ताट दिवाळीच्या ताटासारखंच दिसतं: करंज्या, शंकरपाळे, चकली, शेव, लाडू. त्यात कुलकुल (तळलेले गोड, शंखासारखे वळलेले तुकडे) आणि साच्यात तळलेल्या रोझ कुकीज येतात, आणि मध्यभागी केक. केकचं सामान घरी कालवून डब्यातून बेकरीत नेऊन भाजून आणायचं ही पद्धत काही घरांत अजून आहे. बेकरीवाला किलोच्या हिशेबाने पैसे घेतो. डब्याला नावाची चिठ्ठी बांधा, नाहीतर कोणाचा केक कोणाच्या घरी जाईल सांगता येत नाही, आणि २० तारखेनंतर जाऊ नका, भट्टीला उसंत नसते.

पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी जुनं प्रमाण: मैदा, लोणी आणि पिठीसाखर प्रत्येकी अर्धा किलो, दहा अंडी, आणि बेदाणे, मनुका, काजू, टुटीफ्रुटी मिळून पाऊण किलो. सुका मेवा निदान दोन आठवडे आधी भिजत घालायचा. रममध्ये घालणारे आहेत, पण दारूला न शिवणारी घरं पुष्कळ, तिथे संत्र्याच्या रसात भिजवतात. रसात घातलेला मेवा फ्रीजमध्ये ठेवा, नाहीतर आंबतो. आणि रसाचा असेल तर दोन आठवडे नको, दोन-तीन दिवस पुरेत. नागपुरात राहून संत्र्याच्या साली फेकून देणं हा गुन्हा आहे. आंबिया बहाराची संत्री याच दिवसांत बाजारात असतात. साली तीन वेळा वेगवेगळ्या पाण्यात उकळा, कडवटपणा जाईल. मग सालीइतक्याच साखरेच्या पाकात पारदर्शक होईपर्यंत शिजवा, वाळवा, बारीक चिरा. डब्यातली टुटीफ्रुटी याच्यापुढे काहीच नाही. केकचा काळसर रंग जाळलेल्या साखरेचा असतो: चार-पाच चमचे साखर कोरडी वितळवायची, गडद तपकिरी झाली की गरम पाणी घालायचं. पाणी घालताना चेहरा लांब ठेवा, जोरात उडतं.

चोवीसची रात्र

आता, चार रविवार बसल्यावर, या. एव्हाना तुमची काकूंशी ओळख झालेली असेल आणि त्या जागा धरून ठेवतील.

उपासनेची वेळ आठवडाभर आधी पक्की करा. मध्यरात्रीची म्हटली तरी काही ठिकाणी ती नऊ-दहालाच सुरू होते, काही ठिकाणी साडेअकराला. कॅथलिकांमध्ये नाताळचे तीन मिस्सा असतात: रात्रीचा, पहाटेचा आणि दिवसाचा. ज्यांना गर्दी सोसत नाही, सोबत म्हातारी माणसं किंवा तान्हं मूल आहे, त्यांनी बिनधास्त पंचवीसच्या सकाळी यावं. त्यात काही कमी पडत नाही. योहानच्या शुभवर्तमानाच्या (हा योहान बाप्तिस्मा करणारा नव्हे) पहिल्या अध्यायाचं वाचन सहसा दिवसाच्या मिस्सामध्ये असतं, आणि मला स्वतःला ते रात्रीच्या वाचनाहून जास्त भावतं.

सदर भागात त्या रात्री गाडी लावायला जागा मिळणं कठीण. जाताना मेट्रोने कस्तुरचंद पार्कपर्यंत जाता येईल, पण मध्यरात्री परतायला मेट्रो नसते. ऑटोवाल्याशी आधीच बोलून ठेवा किंवा दोन-तीन घरांनी मिळून एक गाडी करा. मंडपात बसायला लागलं तर शाल हवीच.

रात्रीच्या उपासनेत आधी कॅरल होतात. मग दिवे मंद होतात, लूकच्या दुसऱ्या अध्यायाचं वाचन होतं, चक्रातली पाचवी मेणबत्ती पेटते. जांभळं कापड जाऊन पांढरं आलेलं असतं. कॅथलिक चर्चमध्ये बाळ येशूची मूर्ती मिरवत आणून गव्हाणीत ठेवतात, आणि नंतर लोक रांगेने तिचं दर्शन घेतात. संपल्यावर बाहेर हस्तांदोलन, गळाभेटी, केकचे तुकडे. "नाताळच्या शुभेच्छा" म्हणा, "मेरी ख्रिसमस" म्हणा, सगळं चालतं.

पंचवीस आणि पुढे

सकाळच्या उपासनेनंतर पुष्कळ मंडळ्यांमध्ये प्रीतिभोजन असतं, त्याच दिवशी किंवा आठवड्याभरात. कुपन आधी घ्यावं लागतं. संडे स्कूलच्या मुलांचं नाटकही याच दिवसांत. मेंढपाळांच्या डोक्याला टॉवेल आणि देवदूतांच्या पाठीला पुठ्ठ्याचे पंख. अवश्य पाहा.

ख्रिस्ती मित्राच्या घरी पंचवीसच्या संध्याकाळी जायचं असेल तर फळं किंवा मिठाई न्या. दारूची बाटली नेऊ नका. सिनेमांनी ख्रिस्ती माणसाच्या हातात ग्लास दिला तो दिलाच, प्रत्यक्षात पुष्कळ घरांत ती बाटली पाहून यजमानांची पंचाईत होते. जेवणात मटण-चिकन असणारच. तुम्ही शाकाहारी असाल तर आदल्या दिवशी सांगा, आनंदाने वेगळं करतील. मलयाळी ऑर्थोडॉक्स मित्राकडे जाणार असाल तर हे लक्षात ठेवा की त्यांच्यात १ डिसेंबरपासून २५ दिवसांचा उपवास धरणारे असतात. त्यांना नाताळआधी ऑफिसच्या पार्टीत चिकन वाढू नका. पंचवीसला मात्र वाढा, भरपूर.

बाजारातला नाताळ पंचवीसच्या रात्री संपतो, चर्चमधला तेव्हा सुरू होतो. २६ डिसेंबर संत स्तेफनाचा, पहिल्या रक्तसाक्ष्याचा, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याचा. २८ डिसेंबर हेरोद राजाने मारलेल्या निष्पाप बालकांचा. जन्माच्या गोष्टीला लागूनच हे दोन दिवस येतात आणि गोड गोड चित्रांमध्ये त्यांना कोणी जागा देत नाही; मला वाटतं द्यायला हवी. ३१ डिसेंबरच्या रात्री प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये वॉच नाइट असते. सरत्या वर्षाबद्दल साक्षी, उपकारस्तुती, आणि बारा वाजता प्रार्थना. तिथे गर्दी चोवीसपेक्षा कमी आणि ओळखी जास्त.

मागी ६ जानेवारीला गोठ्यात पोहोचले की प्रकटीकरणाचा सण. भारतातली कॅथलिक चर्चेस तो जवळच्या रविवारी साजरा करतात. त्यानंतर चांदणी उतरवा, वायर गुंडाळून ठेवा, मूर्ती जुन्या वर्तमानपत्रात एकेक करून बांधा. गव्हाची हिरवळ गाईला घाला. चक्रातल्या उरलेल्या मेणबत्त्या लोडशेडिंगला कामी येतात.

आणि पुढच्या वर्षी गायन मंडळात उभं राहायचं असेल तर डिसेंबरची वाट पाहू नका. कॉयरचा सराव ऑक्टोबरातच सुरू होतो, बसवलेली गाणी नोव्हेंबरात पक्की होतात, आणि नंतर आलेल्याला मागच्या रांगेत टाळ्यांवर ठेवतात. सप्टेंबरात एखाद्या रविवारी उपासनेनंतर कॉयर मास्टरना गाठा. पट्टी विचारतील, माहीत नसेल तर एक ओळ गाऊन दाखवा, ते स्वतः शोधून काढतात.